दार उघडताना

(सोसायटीचा पार्किंग ग्रुप, रविवार सकाळ)

बी-५०४: नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. गुरुवारी संध्याकाळी गेटसमोर जो आवाज झाला, तो माझ्यामुळे. गाडी कडेला लावली, फोनवर बोलत बोलतच दार उघडलं आणि मागून येणारा डिलिव्हरीवाला मुलगा दारावर आदळला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. कोपर सोललं, मनगट मुरगळलं. एक्सरे काढला, हाड शाबूत आहे. पण उठता उठता तो पहिलं काय म्हणाला? "सॉरी सर." चूक माझी आणि सॉरी म्हणतोय तो! तेव्हापासून चैन नाही. २२ वर्षं गाडी चालवतोय, एकदाही इन्शुरन्स क्लेम नाही, याची केवढी ऐट होती मला. आता वाटतं, इतकी वर्षं बाकीचेच मला चुकवून जात होते.

सी-१०२: काका, सांगितलंत ते बरं केलंत. मुलगा कसा आहे आता?

बी-५०४: आठवडाभर काम बंद. तेवढ्या दिवसांची कमाई मी देतोय.

ए-७०१: थोडी चूक त्याचीही असणार. हे लोक कुठूनही कट मारतात.

ए-३०३: कुठूनही म्हणजे? सरळच येत होता ना तो?

डी-२०१: काका, आम्हा सायकलवाल्यांची एक युक्ती सांगतो. ड्रायव्हरने दार उजव्या हाताने उघडायचंच नाही, डाव्या हाताने उघडायचं. खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि आरशात न दिसलेली बाइक दिसते. डावीकडे बसणाऱ्याने उजवा हात वापरायचा. नेदरलँड्सची सवय आहे ही.

बी-५०४: आत्ता खुर्चीत बसून करून बघितलं. खरंच मान वळते! 😅

सी-६०४: बोलणं माझं, टायपिंग नातवाचं. ३१ वर्षं एसटी चालवली, म्हणून चार शब्द. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईस्तोवर एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दीड बसएवढा रस्ता संपला. त्यात वेग दुप्पट केलात तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट जागा लागते. म्हणून अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात म्हणायचं, एकशे एक, एकशे दोन. त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात चारपर्यंत मोजा.

ए-७०१: काका, अंतर ठेवलं की मध्ये रिक्षा घुसते.

सी-६०४: घुसू दे. पुन्हा अंतर ठेव. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत दहा जण घुसले तरी मिनिटभराचा फरक. आणि उतारावर न्यूट्रल कधी म्हणजे कधी टाकू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की धरत नाहीत. आपल्या नवले पुलाच्या उतारावर काय काय होतं ते सगळे बघताच. २०२२ च्या नोव्हेंबरात एकाच अपघातात कितीतरी गाड्या!

ए-३०३: मी गाडी चालवत नाही, पण रोज रस्ता ओलांडते, तर माझंही ऐका. कोणी थांबलं तर बरं वाटतं, पण थांबून हाताने "या, या" करू नका हो. तुम्ही थांबलात तरी तुमच्या बाजूने बाइक सुसाट येते आणि तुमच्या भरवशावर पाऊल टाकलेली मी मध्येच अडकते. तुम्ही नुसते थांबा, बाकीचं मी बघते. आणि सकाळी सहाला बेसमेंटच्या रॅम्पवर हॉर्न कोण वाजवतं?

सेक्रेटरी: पाण्याचा टँकर ११ वाजता येणार. बी विंगसमोरच्या गाड्या काढून ठेवा प्लीज.

बी-५०४: हॉर्न मीच, काकू. आता रॅम्पवर लाइट डिप करून हळू उतरतो. बायकोला म्हटलं, माझ्या ड्रायव्हिंगमधल्या चुका सांग. तिने वही मागितली. पहिलीच नोंद: "वळून झाल्यावर इंडिकेटर देता." फोन आता गाडीत बसतानाच डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो. पहिल्या दिवशी सिग्नलला तीनदा हात तिकडे गेला, स्वतःचीच लाज वाटली.

सी-१०२: मागे बसणारे बेल्ट लावतात का कोणी? १००० रुपये दंड आहे, पण त्यासाठी नाही. ब्रेक दाबला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येतो.

ए-७०१: आमचा मागचा बेल्ट सीटकव्हरखाली गाडला गेलाय. गाडी घेतल्यापासून. आज काढतो.

ए-३०३: चला, कट मारणारे बाजूला राहिले, घरचंच काहीतरी सापडलं. 🙂

सेक्रेटरी: बी विंगसमोर पांढऱ्या गाडीचे लाइट चालू राहिलेत. कोणाची आहे? टँकर गेटवर आलाय.

बी-५०४: माझीच. डाव्या हाताने दार उघडायच्या नादात लाइट राहिले. आलोच खाली.