नरकासुराची कादंबरी लिहितेय, पण तो फारच गोड व्हायला लागलाय

तुळशीवृंदावन: गोव्यात फोंड्याजवळ राहते, शाळेत मराठी शिकवते. कुमारांसाठी कादंबरी लिहितेय. नायक नरकासुर. मरतो तो नव्हे, सत्तेवर चढतो तो. कल्पना वाड्यावरच सुचली. दिवाळीआधी पंधरा-वीस दिवस आमची पोरं मध्यरात्रीपर्यंत जागून जाळायचा नरकासुर करतात. बांबूचा सांगाडा, आत तण, वर कागद, मग रंग. गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा चार रात्री नुसत्या नखांवर बसला होता. कृष्ण मात्र आयत्या वेळी कुणीतरी पुठ्ठ्यातून कापून आणला, तोही वीतभर. पोरांचा जीव कुणावर आहे ते दिसतंच.

बारा प्रकरणं झाली. नववीतल्या भाचीला वाचायला दिली, तर म्हणते, "गो मावशी, ह्याला जाळायचा कशाला?" घोटाळा इथेच. बाप निघून गेलेला, आई लांब, पोर परक्याच्या घरात... मी त्याला एवढं सोसायला लावलं की आता सोळा हजार बायका कोंडल्याचं प्रकरण लिहायला हातच धजत नाही.

जुनीपोथी: बाई, कालिकापुराण काढा. त्यात त्याचा चढ तयारच आहे. वराह आणि भूमीचा मुलगा, जनकाकडे वाढलेला, पुढे प्राग्ज्योतिषपूरचा राजा, कामाख्या देवीचा भक्त. बरीच वर्षं राज्यही नीट करतो. मग बाणासुराशी गट्टी जमते. आणि एक दिवस वसिष्ठ देवीच्या दर्शनाला येतात, तर हा त्यांना वाटेतच अडवतो. शाप तिथला. लहानपणी सोसलं म्हणून कुणी असं अडवत नाही. देवी आपल्या एकट्याची वाटायला लागली, म्हणून अडवतो. तो प्रसंग सावकाश लिहा. आमच्याकडे देवळातल्या मानपानावरून भांडणं होतात, तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो ते तुम्ही पाहिलं असेलच.

सातवा_बुटका: मी उलट्या बाजूने सांगते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई केली. सख्खी आई असं करते हे मुलांच्या पुस्तकात जड गेलं असणार. पण त्या बदलाने राणीतलं सगळं अवघड निघून गेलं, उरली नुसती दुष्ट बाई. तुम्ही दुसऱ्या टोकाने तेच करताय, त्याच्यातलं अवघड दुःखाखाली झाकताय. त्या कथेत मुलगी सात वर्षांची आहे, आणि राणी तिचं काळीज-फुप्फुस समजून डुकराचं शिजवून खाते. राणीची कितीही कड घ्या, ते ताट कथेतून उचलता येत नाही.

सोळा हजार एकदम लिहू नका. एकीला नाव द्या, घर द्या. आणि अदितीची कुंडलं विसरू नका. भूमीचा मुलगा देवांच्या आईच्या कानातलं पळवतो!

मंडळाचो_भुरगो: माझं मराठी बेताचं, सांभाळून घ्या. आमच्या नरकासुराचे डोळे पेटतात, हात मोटरवर हलतो. जाळताना घसा दाटतो, खोटं कशाला सांगू. पण जाळतोच. फक्त आधी मोटर काढून घेतो, पुढच्या वर्षी लागते.

तुळशीवृंदावन: मोटर वाचून घरात एकटीच हसले. वसिष्ठांचा प्रसंग लिहून झाला. भाचीला त्यांचं फारसं काही वाटलं नाही, "म्हातारा आगाऊच होता" म्हणाली. मग कुंडलांचं पान दिलं. मी लिहिलं होतं, 'त्याने अदितीची कुंडलं घेतली.' तिथे बोट ठेवून ती थांबली. विचारलं, "घेतली म्हणजे? मागून, की ओढून? कान फाटला का गो तिचा?"

ते वाक्य खोडलंय. आज रात्री परत बसते.