ब्लेमच्या यादीवर जाऊ नका
लिनक्स सुरू होताना सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, सुरू करायचं काम सिस्टमडी करतं. एकाची तक्रार आहे की कोणत्या सर्व्हिसला किती वेळ लागला याची यादी देणाऱ्या 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' या कमांडमध्ये सगळ्यात वर दिसलेली सर्व्हिस बंद केली, तरी मशीन सुरू व्हायला तेवढाच वेळ घेतंय. घेणारच! कोणत्या सर्व्हिसला किती वेळ लागला एवढंच ब्लेम सांगतं, तिच्यापायी कोण खोळंबलं ते नाही. सिस्टमडीच्या आधी हे काम करणाऱ्या जुन्या इनिटमध्ये एस१०, एस२० अशी आकड्यांप्रमाणे एकामागून एक रांग असायची. सिस्टमडी जमतील तेवढ्या सर्व्हिसेस एकदमच सोडतं. त्यामुळे 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' बघा, म्हणजे कोण कोणासाठी थांबलं ती साखळी दिसेल. त्यात ॲटच्या (@) चिन्हापुढे सर्व्हिस कधी तयार झाली ते असतं, अधिकच्या (+) चिन्हापुढे तिला किती वेळ लागला ते.

माझ्याकडे साखळीत नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' ही सर्व्हिस अडून बसली होती. गुन्हेगार मीच. बॅकअपच्या घरगुती स्क्रिप्टच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, म्हणजे 'नेटवर्क जोडलं गेलं' हा टप्पा, लिहून ठेवलं होतं; त्यामुळेच ती वाट बघणारी सर्व्हिस सुरू होत होती. (आफ्टर फक्त क्रम ठरवतं, ओढून आणतं ते वॉन्ट्स. हे कळायला मला वर्ष लागलं.) स्क्रिप्ट सिस्टमडीच्या टायमरवर टाकली, 'ऑनबूटसेक' ५ मिनिटं, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर ५ मिनिटांनी ती चालते. वाट बघणं संपलं.

बाकी हार्ड डिस्क अजून फिरणारीच असेल तर आधी एसएसडी घ्या, मग हे उद्योग करा.