परीकथेत परी नसेल तर तिला म्हणायचं काय?

चिऊची आई
माझी लेक साडेचार वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत परीकथा सप्ताह होता. रोज एका पालकाने वर्गात येऊन एक परीकथा सांगायची. मी भोपळ्यातली म्हातारी सांगितली. पोटाशी उशी धरून सतरंजीवर 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' करत निघाले, आणि दुसऱ्या फेरीला सगळा वर्ग माझ्यामागे उड्या मारत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "छान झालं, पण ही लोककथा. परीकथा सांगायची होती." ते अजून मनातून जात नाही. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत लांडगा आहे, आजी आहे. परी कुठे आहे? तरी ती परीकथा, आणि वाघाला चुकवून लेकीकडून परत येणारी आमची म्हातारी नाही? दोघींना सामावणारा मराठी शब्द आहे का?

जुना कोश
ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. ग्रिम बंधूंचा संग्रह १८१२ साली आला, त्याच्या नावाचा अर्थ 'मुलांच्या आणि घरच्या गोष्टी' एवढाच. परी आली फ्रान्समधून. १६९७ मध्ये मादाम दोलन्वा यांनी आपल्या पुस्तकाला 'पऱ्यांच्या गोष्टी' म्हटलं, इंग्रजीने ते उचललं, आपण इंग्रजीवरून. मी 'अद्भुतकथा' म्हणेन.

निशिगंध
पण परी आणि फेअरी मुळात एकच शब्द ना? प आणि फ. मग परीकथा चुकीचं कसं?

जुना कोश
नाही हो. फेअरीचं मूळ लॅटिनमध्ये, नशिबाच्या देवतांच्या नावात. परी आपल्याकडे फारसीतून आली. आणखी मागे गेलं तर अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातली पैरिका, ती तर दुष्ट मायाविनी. उच्चार जुळले म्हणून नातं जुळत नाही.

कृष्णाकाठ
'आजी, अद्भुतकथा सांग ना' असं कुठलं पोर म्हणतं? गोष्ट म्हणतं. गोष्ठी म्हणजे चार जणांचं बसून बोलणं, त्यावरून आलेला शब्द. त्यात वाघही मावतो, परीही मावते.

आणि आपल्याकडे पऱ्या नव्हत्या असंही नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरा. बाळंतीण पहिल्यांदा मळ्यात आली की तिथे हिरव्या बांगड्या आणि खण ठेवते. अप्सराचंच आसरा झालं. भर दुपारी विहिरीत डोकावलं तर त्या ओढून नेतात असं आजी सांगायची. त्या भीतीने आम्ही पोरं एकटी कधी काठावर गेलो नाही. पंख आणि जादूची कांडी नाही म्हणून आसरा परी नाही का?

निशिगंध
चार वर्षांच्या मुलाला हे सांगायचं? माझा मुलगा आठवडाभर झोपला नसता.

कृष्णाकाठ
आम्ही झोपलो. आजीच्या मांडीवर डोकं असायचं ना.

वसा
कहाणी हा शब्द असताना बाकीचे कशाला? प्राकृतातून सरळ आलेला, घरचा शब्द. १९१४ साली किंकेड साहेबांनी श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्यांना 'फेअरी टेल्स' म्हटलं. चित्रं धुरंधरांची आहेत. म्हणजे साहेबाला दोन्हींत फरक वाटला नाही. फक्त 'आटपाट' हे त्याने गावाचं विशेषनाम केलं, जणू नकाशात सापडेल.

चिऊची आई
आमच्याकडे रोज रात्री हाच प्रश्न असतो. "आई, आटपाट कुठे आहे?" काय सांगू?

जुना कोश
आमचे वडील सांगत, आठ पेठांचं नगर. आठ-पेठ, आटपाट.

कृष्णाकाठ
काका, मग 'ठ' कुठे गेला? आठवा, आठवडा, अठरा, सगळीकडे टिकलाय. आरपार, आसपास, उलटपालट यांच्यासारखा हा जोडीचा शब्द असावा. अर्थापेक्षा नाद मोठा. तो कानावर पडला की पोर पाय पोटाशी घेऊन सरसावून बसतं.

जुना कोश
नादावर सगळं सोपवलं तर व्युत्पत्ती शोधायचीच कशाला? पेठांचं मी सोडत नाही.

मांडवीतीर
आमच्या गोंयांत काणी. आई कोंकणीत काणी सांगायची, आजोळी मराठीत गोष्ट. काणी आणि कहाणी सख्ख्या बहिणीच. मला 'काणी'त चुलीचा धूर येतो, 'परीकथे'त गुळगुळीत कागदाचा वास.

निशिगंध
कागदावरून आठवलं. मुलासाठी चिऊकाऊचं नवं पुस्तक आणलं. त्यात काऊ तापलेल्या तव्यावर बसतच नाही. चिऊ दार उघडते, दोघं मिळून खिचडी खातात. मला ते बरं वाटलं, पण आई पुस्तक मिटून म्हणाली, "ही चिऊकाऊची गोष्ट नव्हे."

वसा
आई बरोबर बोलल्या. चिऊ "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" म्हणत दार लांबवते, तिथे पोरांचा श्वास अडकतो. तो ताण काढला तर उरतं काय?

जुना कोश
पण गोष्ट बदलत आलीच आहे. लीळाचरित्रात चक्रधरांनी सांगितलेली शेणामेणाच्या घरांची गोष्ट आहे, आणि त्यात चिमणी नाहीच. कावळा आणि साळै आहे. साळै म्हणजे साळुंकी. तेराव्या शतकातल्या साळैची चिमणी कुणी केली? अशाच कुणा आईने, अंगणात जो पक्षी दिसला तो घेऊन.

वसा
पक्षी बदलला, दार बंदच राहिलं. शेणाचं घर वाहून गेलंच. खिचडी ही दुसरी गोष्ट आहे, तिला दुसरं नाव द्या.

निशिगंध
दुसरं नाव म्हणजे काय, परीकथा?

चिऊची आई
काल मी लेकीला मुद्दाम साळैची गोष्ट सांगितली. "साळै म्हणजे काय" असं तिने विचारलंच नाही, "तिच्या बाळाला पण तीट लावते का" एवढंच विचारलं. मग धाकट्याला तिने स्वतः गोष्ट सांगितली, ती सुरू झाली "आटपाट भोपळा होता" अशी. वर्गात पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे. मी कहाणी सांगणार आहे, आणि शेवटी 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणणार. त्याचा अर्थ कुणी नीट सांगाल का?

कृष्णाकाठ
साठ उत्तरांत सांगायची ती पाचांत आटोपली, असं आजी सांगायची. उत्तर म्हणजे इथे बोल, वाक्य.

मांडवीतीर
आजोळी 'पाची उत्तरी' म्हणत. पाचा की पाची?

जुना कोश
पाचा. पण 'साठा'तलं ते 'ठा' बघा. इथे ठ टिकला आहे, हे मला मान्य करावं लागेल.

वसा
'पाची'ही ऐकलं आहे. आमच्या मावशी तसंच म्हणायच्या.