मदत हवी आहे: जेलब्रेक केलेल्या किंडलवर आपोआप येणारे अपडेट कसे थांबवायचे?

मंडळी, किंडल पेपरव्हाइट विंटरब्रेक या पद्धतीने जेलब्रेक करून (म्हणजे ॲमेझॉनची बंधनं काढून) त्यावर केओरीडर हा वाचनाचा प्रोग्राम टाकलाय. ईपब प्रकारची ई-पुस्तकं थेट उघडतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आईचं वाचन पुन्हा सुरू झालंय. ते काही केल्या बंद पडू द्यायचं नाही!

सध्या एअरप्लेन मोड कायम चालू असतो. पण संगणकावरच्या कॅलिब्रे या ई-पुस्तकांच्या प्रोग्राममधून पुस्तकं वायफायने पाठवायची आहेत, आणि वायफाय लावलं की नवं फर्मवेअर (किंडलची मूळ प्रणाली) गुपचूप उतरेल आणि जेलब्रेक जाईल ही धास्ती. क्युअल या लाँचरमधून ओटीए बायनरींची (वायफायवरून अपडेट आणणाऱ्या फाइलींची) नावं बदलणारं एक्स्टेंशन आहे. तेवढं पुरतं का, की अपडेटला जागाच उरू नये म्हणून स्टोरेजही भरून ठेवायचं? अर्धवट उतरलेली अपडेटची बिन फाइल असेल तर ती आधी काढायची ना? आणि फॅक्टरी रीसेटआधी नावं पूर्ववत करावीच लागतात का? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.