सीसीएनए: सबनेटिंगच्या सराव प्रश्नांत वेळ फार जातो

प्रश्न: सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची (क्रमांक २००-३०१) तयारी चालू आहे. १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कुठल्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या लहान भागात) येतो, याला तीन-चार मिनिटं लागतात. परीक्षा १२० मिनिटांची. काय करू?

उत्तर: बायनरी मांडत बसू नका. /२७ म्हणजे मास्कच्या (पत्त्यातला नेटवर्कचा भाग दाखवणाऱ्या आकड्याच्या) शेवटी २२४. २५६ वजा २२४, ब्लॉक ३२ चा. ०, ३२, ६४, ९६ म्हणत जा. ७७ येतो ६४ ते ९५ मध्ये. नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) .९५, होस्ट म्हणजे यंत्रांचे पत्ते .६५ ते .९४. पर्यायांत .९५ होस्ट म्हणून बऱ्याचदा ठेवलेला असतो, तिथेच घसरतात लोक.

उत्तर: शिवाय मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, अडून बसू नका. ओएसपीएफचे (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीचे) प्रश्न नुसते वाचून कळत नाहीत. पॅकेट ट्रेसरमध्ये (सिस्कोच्या सराव सॉफ्टवेअरमध्ये) दोन राउटर जोडा, एकाच बाजूचा हॅलो टायमर (शेजाऱ्याला किती सेकंदांनी हाक मारायची ते) १० चा ५ करा. दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत, म्हणून डेड टायमर (हाकेची वाट बघायची मुदत) संपला की ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ ही शेजाऱ्यांची यादी रिकामी. डंप (परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नोत्तरांचे संच) मात्र नकोत. त्यांतली उत्तरंही कैकदा चुकीची असतात.

प्रश्नकर्ता: आणि १७२.१६.४५.१४/२० आला तर?

उत्तर: तेच, फक्त तिसऱ्या ऑक्टेटमध्ये (पत्त्याच्या तिसऱ्या आकड्यात). मास्क २४०, ब्लॉक १६. ४५ येतो ३२ ते ४७ मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५.