एएफपी एका आठवड्यात नॉर्मलला येत नाही

लिव्हरच्या कॅन्सरची गाठ काढायच्या ऑपरेशनला आठवडा झाला, बाबांचा एएफपी (अशा गाठीत बरेचदा वाढणारं रक्तातलं प्रथिन) ८०० वरून ४०० वरच आलाय, गाठ राहिली असेल का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. गाठ पूर्ण निघाली तरी एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मा होतो, मग पुन्हा निम्मा. १० च्या खाली यायला सहा-सात आठवडे सहज जातात. आकडा मध्येच अडकला किंवा परत चढायला लागला, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

'एएफपी नॉर्मल म्हणजे निर्धास्त' असं इथे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. बऱ्याच गाठी एएफपी सोडतच नाहीत. अशांचं स्कॅन चुकवून कसं चालेल?

उरलेलं लिव्हर किती काम करतंय, हा प्रश्न वेगळा. पॅरिसजवळच्या बोजाँ रुग्णालयातल्या सर्जननी २००५ मध्ये मांडलेला निकष असा: ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची क्षमता) नॉर्मलच्या ५० टक्क्यांखाली आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ५० मायक्रोमोलच्या वर (आपल्या रिपोर्टवर साधारण ३ मिग्रॅ), दोन्ही एकदम असेल तर जिवाला मोठा धोका. बाबांचे त्या दिवशीचे हे दोन आकडे डिस्चार्ज कार्डावर बघून इथे टाका ना.