समुद्रतळाशी सापडलेली जड वस्तू कोणती असावी?

प्रश्न: डुबकी मारताना वाळूत रुतलेली, वीतभर लांबीची, निमुळत्या टोकाला छिद्र आणि रुंद बुडाशी खळगा असलेली ही राखाडी वस्तू आकाराच्या मानाने फारच जड आहे, तिला लोहचुंबकही चिकटत नाही. ती काय असावी?

उत्तर १: हे बहुधा खोली मोजण्याचे शिशाचे वजन आहे. छिद्रातून दोरी ओवत आणि खळग्यात चरबी भरत, त्यामुळे खोली तर कळेच, शिवाय तळाची वाळू किंवा शिंपले चिकटून वर येत आणि त्यांवरून खलाशांना जहाजाच्या ठिकाणाचा अंदाज बांधता येई. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही!

उत्तर २: सहमत. जाळ्याच्या वजनाला असा खळगा लागत नाही. शिसे विषारी असल्याने हातमोजे वापरा आणि कृपया ती घासू नका.

उत्तर ३: सापडल्याची नेमकी जागा पुरातत्त्व खात्याला कळवा, जवळच जहाजाचे अवशेष असू शकतात.